डिस्नीलँडची पायरेट्स राईड: हलते देखावे केलेल्या माणसाचा रिव्ह्यू

आधीच क्लिअर करतो, हा रिव्ह्यू कॅलिफोर्नियात अनाहाइमला जे मूळ डिस्नीलँड आहे तिथल्या पायरेट्स ऑफ द कॅरिबियन या बोट राईडचा आहे, फ्लोरिडावाल्या भावाचा नाही. दोन्हींचं नाव एकच असल्यामुळे लोक एका ठिकाणी बसून येतात आणि दुसऱ्याबद्दल मत ठोकतात. फ्लोरिडाची राईड साधारण निम्म्याच वेळाची आहे, १९७३ ला घाईत बांधलेली, आणि तिच्यावरून अनाहाइमची परीक्षा करू नका एवढंच.

मी का लिहितोय? तर कॉलेजात असताना आमच्या पेठेतल्या मंडळाचे हलते देखावे करायचो आम्ही. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, सगळं झालंय. वायपरच्या मोटारी, सायकलची चेन, लाकडाचे कापलेले कॅम, वर रेकॉर्ड केलेलं निवेदन आणि खाली हातात शिट्टी घेऊन "पुढे सरका, पुढे सरका" ओरडणारा एक कार्यकर्ता. त्यामुळे असली कुठलीही गोष्ट बघितली की माझं लक्ष बाहुल्याच्या चेहऱ्याकडे नंतर जातं, आधी जातं त्याचा कोपर कुठून हलतोय आणि मोटार कुठे लपवलीये याच्याकडे. आणि या राईडमध्ये ते सापडत नाही. १९६७ च्या मार्चमध्ये सुरू झालेली राईड आहे ही, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीची, आणि अजूनही सापडत नाही.

बाहेरून काय दिसतं, तर न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर नावाचा भाग आहे पार्कात, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, पांढऱ्या भिंती, कुठेतरी जॅझ वाजतंय, त्यात एक हवेली. समुद्र नाही, जहाज नाही, मोठ्ठी कवटी नाही. आपल्याकडे कुठल्याही वॉटर पार्कला पायरेट थीम द्यायची म्हटली की पहिलं काम काय, तर गेटवर फायबरची वीस फुटी कवटी, तिच्या डोळ्यात लाल बल्ब, आणि आत तो पुढे-मागे झुलणारा जहाजाचा पाळणा. झाली थीम. इथे दारात असलं काहीच नाही, लाईनीत चालत आत गेलात की हळूहळू उजेड कमी होतो आणि एकदम रात्र. बाहेर अनाहाइमचं भाजून काढणारं ऊन आणि आत दलदलीतली संध्याकाळ, काजवे, बेडूक, लांब कुठेतरी बॅंजो, एका मोडक्या झोपडीबाहेर म्हातारा खुर्चीत झुलतोय. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला जो वेळ लागतो तेवढा वेळ बोट मुद्दाम या शांत भागातून रेंगाळत नेतात, आणि ही पहिली हुशारी. आम्ही देखाव्याच्या आधी काळा पडदा लावून लोकांना दोन मिनिटं अंधारात उभं करायचो ते याचसाठी, पण आमच्याकडे त्या दोन मिनिटांत लोक शिव्या घालायचे, इथे लोकांना वाटतं हीच राईड आहे.

त्याच दलदलीच्या काठावर ब्लू बायू नावाचं रेस्टॉरंट आहे, कायम संध्याकाळच असते तिथे, टेबलांवर मंद दिवे, आणि जेवणारे लोक बोटीतल्यांना बघतात, बोटीतले जेवणाऱ्यांना. म्हणजे तिकीट काढून आलेली माणसंच एकमेकांचा देखावा झाली, फुकटात. हे रेस्टॉरंट राईडबरोबरच सुरू झालं. जेवण महाग आहे, रिझर्व्हेशन लागतं, लुईझियाना स्टाईल गंबो-जांबालाया टाईप पदार्थ, शाकाहारी मंडळींनी जेवणासाठी नाही तर जागेसाठी जावं, किंवा सरळ बाहेर बेन्ये, म्हणजे तळलेली गोड पुरीसारखी गोष्ट, खावीत, मिकीच्या तोंडाच्या आकाराची, वर पिठीसाखर, काळा शर्ट घालून खाऊ नका.

आता मुख्य मुद्दा. ही राईड बोटीची असणारच नव्हती. मूळ प्लॅन होता जमिनीखाली पायरेट्सचं मेणाच्या पुतळ्यांचं म्युझियम, लोकांनी गटागटाने चालत बघायचं. त्यासाठी तळघराचं खोदकाम झालं, स्टीलही उभं राहिलं. मग १९६४-६५ चा न्यूयॉर्कचा वर्ल्ड्स फेअर आला, डिस्नीने तिथे चार शो केले, त्यातल्या लहान मुलांच्या बाहुल्यांच्या राईडमध्ये लोकांना बोटीत बसवून पाण्यावरून फिरवलं आणि कळलं की अरे ही तर माणसं गिळायची मशीन आहे, लाईन थांबतच नाही. ते बघून वॉल्ट डिस्नीने चालायचं म्युझियम रद्द करून सगळं बोटीवर नेलं. पण आधी खोदलेलं तळघर छोटं, एवढे सीन त्यात बसेनात.

मग काय केलं? डिस्नीलँडच्या भोवती एक मातीचा उंच बांध आहे, त्यावरून आगगाडी फिरते, आणि बांधाचं काम एकच की बाहेरचं शहर आतून दिसू नये. पार्कात जागा नाही म्हणून या लोकांनी बांधाच्या पलीकडे एक अवाढव्य गोडाऊनसारखी बिल्डिंग बांधली आणि बोटी रुळांखालून तिकडे नेल्या. राईडमध्ये सुरुवातीला दोन उतार लागतात, बोट अंधारात धपकन खाली जाते, पोरं किंचाळतात, लोकांना वाटतं थ्रिलसाठी ठेवलेत. थ्रिल वगैरे नंतर, मुळात तुम्हाला रेल्वेच्या खालून पार्काच्या बाहेर काढतायत, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. बोट उतारावर जायच्या आधी वरची एक बोलणारी कवटी धमकी देते, की पुढे काय होईल त्याची जबाबदारी तुमची, म्हणजे बांधकामाची अडचण होती ती उचलून गोष्टीत घातली. मला हे सगळ्यात जास्त आवडतं. आपण काय करतो, मधे खांब आला तर त्याला चकचकीत कापड गुंडाळतो आणि वर झेंडूची माळ.

बोटींची सिस्टीम बनवली ॲरो डेव्हलपमेंट नावाच्या कंपनीने, माउंटन व्ह्यूमध्ये. हो, तेच सिलिकॉन व्हॅलीतलं माउंटन व्ह्यू, जिथे आज कुठल्याही ग्रोसरीच्या दुकानात उभं राहिलात तर पाच मिनिटांत "अहो, हे कुठल्या गल्लीत ठेवलंय" ऐकू येतं. बोटीला इंजिन नाही, पाण्याच्या ढकलण्याने ती वाहते, तुम्हाला सीटबेल्ट नाही, बार नाही, उंचीची अट नाही, आजी-आजोबा आणि मांडीवरचं बाळ एकाच रांगेत. बोटीला मोटार नाही म्हणजे आवाज नाही, आणि आवाज नाही म्हणूनच तो बॅंजो लांबून ऐकू येतो. पाण्याचा एक वेगळाच वास येतो आत, किंचित औषधी, किंचित बंद विहिरीसारखा. फॅन लोक त्यावर जीव टाकतात, त्याच वासाच्या मेणबत्त्या विकत घेतात म्हणे. कारण काय तर पाण्यात क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरतात. स्विमिंग पूलचा वास आला असता तर दलदल मेली असती.

उतारानंतर गुहा. पहिल्यांदा गेलेल्याला इथे गोष्ट काय चाललीये ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. वाळूवर सांगाडा पडलाय, छातीतून तलवार आरपार, शेजारी खेकडे, पुढे वादळात जहाजाचं सुकाणू धरून उभा सांगाडा, पुढे दारूच्या गुत्त्यात सांगाडे, एकजण बाटली तोंडाला लावून पितोय आणि दारू बरगड्यांतून खाली जाताना दिसते, पुढे खजिन्याच्या ढिगावर बसलेला. सगळे मेलेले. म्हणजे शेवट आधी दाखवला. त्यानंतर एका बोगद्यातून बाहेर पडता आणि धाडकन सगळं जिवंत, जहाज आणि किल्ला यांची तोफांची मारामारी चालू, तुमची बोट बरोब्बर मधून. गोळे तुमच्या शेजारी पाण्यात पडतात, म्हणजे पडत काहीच नाही, तोफेचा लाईट चमकतो, आवाज येतो आणि खालून पाण्याचा फवारा उडतो, बाकीचं तुमचं डोकं भरून काढतं. बाजूच्या काकूंनी खरंच मान खाली घातली होती.

त्यानंतर गाव लुटणं, मेयरला विहिरीत बुचकळणं, लिलाव, आग, तुरुंग, दारूगोळ्याच्या कोठारात बेवड्यांचा गोळीबार. तुरुंगाचा सीन सगळ्यांना माहितीये, कैदी गजाआडून कुत्र्याला बोलावतायत, कुत्र्याच्या तोंडात किल्ल्या, आणि कुत्रं ढिम्म, १९६७ पासून ढिम्म.

इथे माझ्यातला कार्यकर्ता जागा होतो. देखाव्यात प्रेक्षक उभा असतो आणि बाहुले हलतात, दहा मिनिटांचा शो, पडदा पडला की पुढची बॅच. त्यामुळे निवेदन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात सांगता येतं, "इकडे खान शामियान्यात बसला होता" वगैरे. इथे उलटं. बाहुला जागेवर आणि प्रेक्षक हलतोय, तो कधी येईल माहीत नाही, मधेच येणार, मधेच जाणार, आणि मागून अजून एक बोट, तिच्यामागे अजून एक. तासाला दोन-अडीच हजारांच्या वर माणसं जातात इथून. प्रत्येक बोटीसाठी सीन पहिल्यापासून सुरू करणं शक्यच नाही. मग डायलॉग लिहायचे कसे? झेवियर ॲटेन्सिओ नावाचा माणूस, मूळचा ॲनिमेटर, त्याला वॉल्टने सांगितलं तू स्क्रिप्ट लिही, गाणं पण तूच लिही, आणि त्याने आयुष्यात आधी स्क्रिप्ट लिहिली नव्हती आणि गाणंही नाही. त्याने लिहिलं, मग टेस्ट करताना त्याला टेन्शन आलं की सगळे एकदम बोलतायत, कुणाचं काहीच नीट ऐकू येत नाहीये. वॉल्टचं उत्तर साधारण असं होतं की पार्टीत कसं इकडचं चार शब्द ऐकतो, तिकडचं चार शब्द ऐकतो तसं आहे हे, आणि दरवेळी आलं की नवीन काहीतरी ऐकू येईल.

बस. पूर्ण राईड या एका वाक्यावर उभी आहे असं माझं ठाम मत आहे. कारण एकदा हे ठरलं की मग गोष्ट सांगायची नाही, जागा उभी करायची, आणि प्रत्येक बाहुला असा बनवायचा की दोन-चार सेकंदात कुठूनही बघितला तरी कळला पाहिजे. म्हणून चेहरे बघा, सगळे वाढवून केलेत, नाकं मोठी, हनुवट्या लांब, भुवया झाडूसारख्या. शिल्पकार ब्लेन गिब्सन, हा माणूस हॉटेलात आणि चर्चमध्ये लोकांच्या तोंडाकडे एवढं टक लावून बघायचा की बायको कोपराने ढोसायची. आणि सीनची मांडणी मार्क डेव्हिसची, हाही ॲनिमेशनमधला. त्याचे सगळे जोक बिनशब्दांचे आहेत. चिखलात डुकरांबरोबर पसरलेला एक बेवडा आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान आहे ते बघून मला आमचा खजिनदार आठवला, नाव घेत नाही.

एक गोष्ट जवळून बघा, बहुतेकांची सुटते. आग लागलेल्या भागात बोट एका पुलाखालून जाते, पुलाच्या कठड्यावर एक पायरेट बसलाय आणि त्याचा उघडा पाय तुमच्या डोक्यावर लोंबतोय. त्या पायावर केस आहेत, तळव्याला मळ आहे, टाचेला मळाचे थर. कुणीतरी बसून एक-एक केस चिकटवलाय. आमच्याकडे मावळ्यांचे पाय म्हणजे तपकिरी रंग दिलेले दोन पाईप, खाली जोडे, कारण समोरून कोण बघतंय पाय. इथे त्यांनी विचार केला की बोट खालून जाणार, म्हणजे प्रेक्षकाच्या नाकासमोर येणार काय, तर तळवा. कपडे केले ॲलिस डेव्हिसने, मार्कची बायको, आणि तिची अक्कल बघा, हे बाहुले हायड्रॉलिक तेलावर आणि हवेच्या दाबावर चालतात, तेल गळणारच, कपडे खराब होणारच, म्हणून तिने प्रत्येक ड्रेसचा दुसरा सेट मागितला. अकाउंटवाल्यांनी नाही म्हटलं. तिने गुपचूप हिशोबात बसवून दोन-दोन शिवले. पुढे लवकरच गरज पडली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. मंडळात वर्गणीचा हिशोब ठेवलेल्या माणसाला हे वाचून गहिवरून येईल.

आगीबद्दल. संपूर्ण गाव जळताना दाखवलंय आणि आग एक ठिणगीभर पण नाही, चमकदार पातळ फिल्म, खालून पंखा, नारिंगी लाईट, धूर. येल ग्रेसी नावाच्या गड्याची करामत. असं सांगतात की अनाहाइमच्या फायर ब्रिगेडच्या साहेबांनी बघितल्यावर अट घातली की खरंच आग लागली तर ही खोटी आग आपोआप बंद झाली पाहिजे, नाहीतर आमच्या माणसांनी नळी कुठे मारायची.

आणि हे सगळं जागेवर बसवायच्या आधी काय केलं, तर लिलावाचा अख्खा सीन वेअरहाऊसमध्ये मांडला, वॉल्टला चाकं लावलेल्या एका गाड्यावर खुर्चीत बसवलं आणि बोटीच्या स्पीडने ढकलत नेलं. बोटीतून काय दिसेल ते बोट नसताना तपासलं. ड्रॉइंग बघून "छान आहे" म्हणून सही केली नाही. वॉल्ट १९६६ च्या डिसेंबरमध्ये गेला, राईड चालू झालेली त्याने बघितलीच नाही, गाड्यावरून बघितली तेवढीच.

आता नावडतं. पहिलं, जॅक स्पॅरो. या राईडवरून २००३ मध्ये सिनेमा आला, तो तुफान चालला, म्हणून २००६ मध्ये सिनेमातला हिरो राईडमध्ये घुसवला, तीन-चार ठिकाणी. बाहुला म्हणून अप्रतिम आहे, तांत्रिकदृष्ट्या बाकी सगळ्यांच्या कितीतरी पुढे, आणि तीच गडबड आहे. आजूबाजूला नाक वाढवलेली, व्यंगचित्रातली माणसं, आणि मधेच एक हुबेहूब खऱ्या माणसासारखा. नजर लगेच अडकते. आणि दुसरं म्हणजे आता सगळे त्यालाच शोधतायत, आधी त्या गावात गोष्ट नव्हती, आता "जॅक कुठाय" ही गोष्ट झाली, बोटीतली निम्मी पोरं "तो बघ तो बघ" करत बाकीचं घालवतात. वर म्हटलं ना पार्टीतल्या गप्पांचं, त्या पार्टीत कुणीतरी माईक घेऊन भाषण सुरू केल्यासारखं वाटतं मला.

दुसरी गोष्ट मात्र बदलली ते बरं केलं. लिलावाच्या सीनमध्ये २०१८ पर्यंत गावातल्या बायका दोरीने बांधून विकायला उभ्या केलेल्या होत्या आणि ते विनोद म्हणून होतं. आता त्यातली लाल केसांची बाई स्वतःच पायरेट आहे, हातात बंदूक, आणि लिलाव होतो तो लुटलेल्या मालाचा. यावर जुन्या फॅन लोकांनी बराच गळा काढला, "इतिहास पुसला" वगैरे. इतिहासच काढायचा तर १६९५ काढा ना. हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने सुरतेकडे येणारं गंज-ए-सवाई पकडलं, औरंगजेबाचं जहाज, मक्केहून परतणारे यात्रेकरू त्यावर, आणि बायकांचे जे हाल केले त्याने कित्येकींनी समुद्रात उड्या टाकल्या. ते आपल्याच किनाऱ्यासमोर झालंय, त्यामुळे त्या सीनला मला कधीच हसू आलं नाही, आणि नवीन सीन विनोद म्हणून जरा फिका असला तरी तो चालेल मला.

याच विषयावरून बोटीत माझ्या पुतण्याने विचारलं, काका आपल्याकडे होते का पायरेट? आता याला काय सांगणार, इंग्रजांच्या कागदांत तर आपल्या सरखेलांनाच पायरेट लिहिलंय. कान्होजी आंग्रे, मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, कोकण किनाऱ्यावर जायचं तर दस्तक, म्हणजे परवाना, घ्या म्हणाले, इंग्रजांना ते झेपलं नाही. १७१८ मध्ये खांदेरीवर आले, हात हलवत गेले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन अलिबागला कुलाब्यावर आले, तेव्हाही तेच. ज्या काळात कॅरिबियनमध्ये हे लोक रम पिऊन गावं जाळत होते अगदी त्याच काळात. मी एवढं सगळं सांगेपर्यंत बोट तुरुंगापाशी पोचली होती आणि पुतण्या कुत्र्याला "किल्ली दे" म्हणत होता. तुमच्या पोरांना जरूर सांगा, पण लाईनीत सांगा, बोटीत नको.

जवळच नदीत एक बेट आहे, तराफ्याने जातात, तिथे २००७ मध्ये पायरेट्स लेअर म्हणून पोरांसाठी खेळायची जागा केली. मूळ बेट १९५६ चं, टॉम सॉयर आणि मिसिसिपीच्या थीमचं, त्यावर वरून पायरेट चिकटवलाय. गुहा मस्त आहेत, अरुंद, वळणावळणाच्या, मोठ्या माणसांना वाकावं लागतं, पोरं हरवतात आणि परत सापडतात, ॲडव्हेंचर पार्क म्हणून पाच वर्षांच्या मुलाला राईडपेक्षा हेच जास्त आवडेल. पण थीम म्हणून विचाराल तर दोन मंडळांचे देखावे एकाच मांडवात. अंधार पडायच्या सुमारास बंद होतं, त्यामुळे आधी ते उरका.

लोक विचारतात की इतर ठिकाणचं कसं आहे. पॅरिसची १९९२ ची राईड बांधणीच्या दृष्टीने जबरदस्त आहे, बाहेर किल्ला, लाईन तळघरातून, आणि तिथे क्रम सरळ केलाय, आधी जिवंत पायरेट्स आणि शेवटी सांगाडे, शिवाय दोन बाहुले खरोखर तलवारीने लढतात. बऱ्याच जणांना तेच जास्त लॉजिकल वाटतं. मला अनाहाइमचा उलटा क्रम आवडतो, मेलेले आधी बघितल्यामुळे नंतरच्या सगळ्या दंग्याला एक धार येते. शांघायला २०१६ मध्ये तर अख्खा पायरेट विभाग बांधला, डिस्नीचा पहिलाच, आणि तिथल्या बोटी पाण्याखालच्या चुंबकांवर चालतात, आडव्या जातात, उलट्या जातात, वळून तुम्हाला हवं तिकडे तोंड करून देतात, समोर अवाढव्य स्क्रीन. म्हणजे ॲटेन्सिओचं टेन्शनच संपलं, आता प्रत्येक बोटीसाठी सीन पहिल्यापासून सुरू होतो. व्हिडिओ बघून थक्क व्हायला होतं हे खरं. पण तिथे प्रेक्षकाला कुठे बघायचं ते मशीन ठरवतं, इथे मी ठरवतो. मला पायाचा तळवा बघायचाय, मी तळवा बघणार.

आणि आपल्याकडे कुणी रिसॉर्टवाला पायरेट पार्क काढायच्या विचारात असेल आणि चुकून हे वाचत असेल तर बाबा, कवटीची ऑर्डर नंतर दे. आधी माणूस कुठून येणार, डोळ्याला काय दिसणार, काय दिसू नये, लाईन कुठे उभी राहणार, बंद पडलं तर लोक कुठून बाहेर काढणार, बाहुल्याचं तेल बदलायला माणूस मागून कसा शिरणार, हे ठरव. कोकणात बांधणार असशील तर पावसाळ्याचा आणि खाऱ्या हवेचा हिशोब पहिल्या दिवसापासून धर, लोखंडाचं काय होतं ते कुठल्याही जेट्टीवर जाऊन बघ. आणि थीमसाठी कॅरिबियनला कशाला जायला पाहिजे, गुराबं आणि गलबतं कुठे गेली?

प्रॅक्टिकल माहिती देऊन थांबतो. पार्काचं तिकीट एका दिवसाला १०४ डॉलरपासून सुरू होतं आणि सुट्टीच्या गर्दीत २०० च्या वर जातं, आणि या एका राईडसाठी एवढे पैसे घाला असं मी कुणालाच म्हणणार नाही, पण जाणारच असाल तर ही चुकवू नका. २०१५ ला बीएमएमचं, म्हणजे अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, अधिवेशन अनाहाइमलाच झालं होतं, तेव्हा भारतातून आलेले किती पाहुणे "पाय दुखतात, आम्ही बाहेर बसतो" म्हणून बसून राहिले ते मला माहितीये, तर त्यांच्यासाठी खास: ही साधारण पंधरा मिनिटं बसून, गारव्यात, अंधारात करायची राईड आहे, ती पण बाहेर दुपारचं ऊन तापलेलं असताना. लाईन लांब दिसली तरी भराभर सरकते, कारण वर सांगितलंच. दोन उतार आहेत, छोटे आहेत, कंबरेचा त्रास असेल तर मधल्या रांगेत बसा, पुढच्या रांगेत पाणी उडतं. व्हीलचेअर असेल तर खुर्चीतून उठून बोटीत उतरावं लागतं, बोट खोल आहे, हाताला धरायला घरातलं कुणीतरी बरोबर ठेवा. फ्लॅश मारून फोटो काढू नका, फोटो येत नाही आणि मागच्या बोटीतल्यांचा अंधार जातो. पोरगं घाबरट असेल तर सांगाड्यांच्या भागात त्याला डोळे मिटायला न सांगता दारू पिणारा सांगाडा दाखवा, हसतं. शेवटी बोट पट्ट्यावरून उभी चढ चढते, तेव्हा ती मधेच रेंगाळली तर घाबरू नका, वरची बोट रिकामी होईपर्यंत थांबवतात. मागे टेकून बसा आणि मोबाईल खिशात ठेवा.